एकाच रक्ताचे दोन नमुने

२० जानेवारी

प्रिय थोरल्या मामा,

सा. न. फोनवर तुला काही सांगण्यात अर्थ नसतो. चष्म्याची काच घासायच्या मशीनवर बसून तू "हं, हं" करतोस आणि फोन ठेवताना विचारतोस, "काय म्हणालीस?" म्हणून कागदच बरा. धाकट्या मामालाही वाचून दाखव, कारण बातमी दोघांची आहे.

ऑक्टोबरात तुम्ही तुमच्या गावच्या केंद्रावर जाऊन आमच्या अभ्यासासाठी रक्त दिलंत, फ्लूची लस घेतलीत, चार आठवड्यांनी पुन्हा रक्त दिलंत. त्याचे निकाल आले. आमच्याकडे एकशे सहा जुळ्या जोड्या आहेत. तू विचारलं होतंस, एवढं रक्त घेऊन करता काय? ऐक. एखाद्याची रोगाशी लढायची ताकद किती, हे एकच गोष्ट मोजून कळत नाही. एका खेळाडूकडे बघत बसलं तर मॅच कळेल का? म्हणून आम्ही सगळाच संघ बघतो: कुठल्या जातीच्या पेशी किती, त्या एकमेकींना काय निरोप पाठवतात, लस टोचल्यावर कोण आधी उठतं, कोण झोपून राहतं. असे पाचशेच्या वर आकडे एका माणसाचे.

आणि दिसतं काय, तर हुबेहूब जुळीसुद्धा वय वाढेल तशी आतून वेगळी होत जातात. विशीत सारखी, साठीत एक उत्तरेला तर एक दक्षिणेला. पण तुम्ही दोघे! चौसष्टाव्या वर्षी तुमचे आकडे एकाच निगेटिव्हच्या दोन प्रती असाव्यात तसे आहेत. सरांनी मला सगळ्यांसमोर बोलायला उभं केलं. मागच्या रांगेतले लोक तुमचा तक्ता बघायला उठून पुढे आले.

एकच बारीक कोडं आहे. धाकट्या मामाच्या लसीआधीच्या रक्तात ताज्या अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी फार दिसतात. लस घेतल्यावर आठवड्याभराने त्या अशा उसळतात. त्याआधी त्याने दुसरी कुठली लस घेतली होती का? की ताप येऊन गेला?

आणि हे नियमात बसत नाही, तेव्हा तुम्हा दोघांतच ठेवा: दोघांच्याही अँटिबॉडी दहापट वाढल्यात. यंदा फ्लू तुमच्या वाटेला जायचा नाही.

तुझी,
मुंगी


२८ जानेवारी

प्रिय मुंगी,

अनेक आशीर्वाद. "दोघांतच ठेवा" हे वाक्य पत्राच्या शेवटी लिहू नये. तोवर धाकट्याने पत्र दुकानात चार गिऱ्हाइकांना वाचून दाखवलं होतं. एका बाईंना जवळचा नंबर तपासायचा होता, त्यांना आधी आमच्या पेशी ऐकाव्या लागल्या. आता शेजारचा कुलूपवाला त्याला "दहापट" म्हणूनच हाक मारतो.

कोड्याचं म्हणशील तर आला असेल ताप. त्याला बारा महिने शिंका. एवढ्याशा गोष्टीचा कीस काढू नकोस. त्या ओळीपाशी आल्यावर मात्र त्याने माझ्याकडे बघितलं आणि आम्ही दोघे हसत सुटलो. गिऱ्हाइकांना वाटलं, म्हाताऱ्यांना काय झालं. ती आमची आपसातली गंमत आहे, कधीतरी सांगेन.

थंडी मरणाची आहे. तरी पठ्ठ्याने मफलर खुंटीला टांगलाय. तुझी मामी नवऱ्यावर ओरडते, तर म्हणतो, "मी दहापट आहे."

सरांना आमचा नमस्कार सांग.

तुझा,
थोरला मामा


३ मार्च

मामा,

गावाहून परत येऊन पाच दिवस झाले. तिथे असताना मी तुझ्याशी एक वाक्य नीट बोलू शकले नाही. तू दाराशी उभा होतास आणि मला क्षणभर वाटलं, धाकटा मामाच उभा आहे. मी तशीच मागे फिरले. माफ कर.

सहा दिवसांत माणूस जातो? तोही तो, ज्याचे आकडे मी माझ्या हाताने मांडले? इस्पितळाच्या तपासणीत फ्लू निघाला, आणि आम्ही लस दिली होती अगदी त्याच जातीचा. मामा, हे होऊच शकत नाही. आमच्या कागदानुसार त्याच्या अंगात त्या फ्लूविरुद्ध ढिगाने अँटिबॉडी होत्या.

निघताना मामी माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "सुई टोचून घेतली, तरी गेले." ना चिडून, ना रडून. मला जागच्या जागी मरण आल्यासारखं झालं. मीच तुम्हाला या अभ्यासात ओढलं.

सरही हादरलेत. इस्पितळात दाखल केलं त्या दिवशीचं त्याचं थोडं रक्त तिथे राखून ठेवलेलं आहे. मामीने सही दिली तर ते आम्हाला तपासता येईल. तिला विचारशील? मी सगळे आकडे पहिल्यापासून पुन्हा बघायला घेतलेत.

मुंगी


१० मार्च

प्रिय मुंगी,

सही घेऊन पाठवतोय. तुझ्या मामीने कागद वाचलासुद्धा नाही.

पण माझं ऐक. ते आकडे उकरून काय मिळणार? माणूस परत येणार आहे का? वय झालं होतं, थंडी होती, गेला. तू स्वतःला बोल लावून घेऊ नकोस. सरांनाही सांग, की त्या जोडीचं काय ते बाजूला ठेवा. एकशे पाच जोड्या आहेत ना तुमच्याकडे?

दुकान उघडतोय. मशीन चालू असली की बरं वाटतं. लोक आत येतात, मला बघतात आणि दचकतात. कुणाला गेला कोण आणि राहिला कोण, हे नक्की ठाऊक नाही. परवा एकाने माझ्याच जाण्याबद्दल माझं सांत्वन केलं, "थोरले गेले, वाईट झालं." मी त्याला दुरुस्त केलं नाही.

थोरला मामा


१८ मार्च

मामा,

हे पत्र मी तीनदा फाडलं. आता सरळच विचारते.

ते कोडं आठवतं? लसीआधीच्या रक्तात उसळलेल्या त्या पेशी. नुसत्या पेशी असत्या तर मी ताप म्हणून सोडून दिलं असतं. पण आता त्या पेशी बनवत होत्या त्या अँटिबॉडी कशाविरुद्ध आहेत ते तपासलं. त्या आमच्याच लसीविरुद्ध होत्या. म्हणजे ज्या माणसाने "लस घेण्याआधी" रक्त दिलं, त्याला तीच लस आठवड्यापूर्वी टोचलेली होती.

तुझी पहिली भेट सात ऑक्टोबरची. त्याची चौदाची. मध्ये बरोब्बर सात दिवस.

जुळ्यांचे जीन सारखेच, त्यामुळे नमुन्यांची अदलाबदल आम्हाला जीनवरून पकडता येत नाही. ओळखपत्रावरचा फोटोही दोघांना चालतो. हे मला काल सुचलं.

चौदा ऑक्टोबरला केंद्रावर कोण गेलं होतं?

मुंगी


२५ मार्च

प्रिय मुंगी,

मी गेलो होतो.

लपवून आता काय करू? सात तारखेला आम्ही दोघे मिळून गेलो होतो. बाकावर बसलो. समोर टेबलावर रिकाम्या नळ्या उभ्या होत्या, रंगीत बुचांच्या. एका माणसाच्या अकरा. धाकट्याने त्या मोजल्या आणि उठून गेला. बाहेर पायरीवर घामाने निथळत बसला होता. सुईचं त्याला लहानपणापासून तसं होतं. शाळेत लस टोचायला आले की हा संडासात. मी त्याला म्हणालो, "तू दुकानात जा, मी बघतो." त्या दिवशी मी माझं देऊन आलो. पुढच्या सोमवारी त्याचं कार्ड घेऊन पुन्हा गेलो.

नर्स फोटो बघून म्हणाली, "काका, फोटोत बारीक दिसता." मी म्हणालो, "फोटो जुना आहे." डाव्या दंडावर आधीची खूण होती, म्हणून लस उजव्यावर घेतली. नोव्हेंबरातही दोन्ही वेळा मीच.

मला वाटलं, यात बिघडतं काय? रक्त तर एकच. एकाचं काढलं काय, दुसऱ्याचं काढलं काय. तुझं काम होतंय, त्याचं दुखणं वाचतंय. आईच्या पोटातून मी बारा मिनिटं आधी आलो, तेव्हापासून त्याची कामं मीच उरकत आलोय.

पण खरी गोष्ट याहून वाईट आहे. शुक्रवारी त्याचं अंग तापलं. तुझी मामी म्हणाली, दवाखान्यात जाऊ. मी म्हणालो, "याला काय होतंय, मुंगीने लिहून दिलंय, दहापट." मुंगी, ते दहापट माझं होतं आणि ते मला ठाऊक होतं. त्याला लस मिळालेलीच नाही, हेही ठाऊक होतं. पण तीच गंमत इतक्यांदा सांगितली होती की मलाच ती खरी वाटायला लागली होती. रविवारी त्याची नखं निळी दिसली तेव्हा हललो.

त्याच्या वाट्याची लस माझ्या उजव्या दंडात आहे. रोज आंघोळीच्या वेळी तो दंड बघतो.

सरांना सांग, तुरुंगात टाकायचं तर टाका.

थोरला मामा


२ एप्रिल

मामा,

तुझं पत्र जिन्यात उघडलं आणि तिथेच पायरीवर बसून राहिले. माणसं बाजूने जात होती, एकीने पाणी आणून दिलं. मला राग आला, इतका की तुला फोन करून ओरडावंसं वाटलं. मग आठवलं, "यंदा फ्लू तुमच्या वाटेला जायचा नाही" हे कुणी लिहिलं होतं. सहभागी लोकांना निकाल कळवू नयेत हा नियम मला तोंडपाठ आहे. माझ्या मामांचं कौतुक करायच्या भरात मी तो मोडला. नियम उगाच नसतात.

सरांना सगळं सांगितलं, माझी चूकसुद्धा. त्यांनी दोन्ही तक्ते शेजारी ठेवून बघितले. मग म्हणाले, "म्हणजे आपण एकाच माणसाची त्याच्याशीच तुलना करून टाळ्या घेतल्या." तुमची जोडी अभ्यासातून काढली. माझं भाषण मागे घेतलं, आणि ते का घेतलं हे मीच सगळ्यांना लिहून कळवलं. आता पुढचं वर्षभर मला सहभागी लोकांची नावं दिसणार नाहीत, नुसते क्रमांक. तेच योग्य आहे.

पण एक काम तुला करावं लागेल. मामीला सांग. तिला वाटतंय, लस घेऊनही माणूस जातो. ती आता नातीचीही राहिलेली लस देऊ देत नाही, असं तुझी पुतणी फोनवर म्हणाली. ते पोर दोन वर्षांचं आहे. मामीला खरं कळायलाच हवं, मामा, आणि ते तुझ्या तोंडून.

मुंगी


१२ एप्रिल

प्रिय मुंगी,

परवा दुपारी दुकान बंद करून गेलो. तुझी मामी त्याचे शर्ट इस्त्री करत होती, कुणाला तरी द्यायचे म्हणून. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. नळ्या, कार्ड, दोन्ही दंड, शुक्रवार. ती इस्त्री फिरवत राहिली. माझं संपलं तेव्हा तिने बटण बंद केलं आणि म्हणाली,

"भावोजी, मला ते ऑक्टोबरातच ठाऊक होतं. तुम्हा दोघांचं माझ्यापासून काय लपतं?"

मला वाटलं, आता ती मला बाहेर काढणार. ती कपाटाकडे गेली. शर्टांच्या खालून एक घडी घातलेलं कार्ड काढलं आणि माझ्या हातात दिलं. मला चष्म्याशिवाय दिसेना. दुकानभर चष्मे असलेला माणूस, आणि तेव्हा खिशात एकही नव्हता. तिनेच वाचून दाखवलं. दोन डिसेंबर. फ्लूची लस. खाली कोपऱ्यावरच्या दवाखान्याचा शिक्का. नाव त्याचं.

"त्यांनी लस घेतली होती," ती म्हणाली. "मीच घेऊन गेले होते."

मुंगी, मी खुर्ची न बघताच बसलो. खुर्ची होती म्हणून बरं.

झालं होतं असं, की माझं ते दोनदा टोचून घेणं त्याच्या जिवाला लागून राहिलं होतं. तिला म्हणायचा, पोरीच्या कागदावर आपण लस घेतलेले आहोत, तर ते खोटं राहायला नको. महिनाभर घोकत होता. शेवटी तिचा हात धरून गेला, डोळे मिटून दंड पुढे केला आणि सुई निघायच्या आत आडवा झाला. कंपाउंडरने पाणी मारलं. घरी आल्यावर तिला शपथ घातली, दादाला सांगू नकोस. दादाने माझ्यासाठी दोनदा टोचून घेतलंय, त्याला वाटू दे की त्याने मला वाचवलं.

म्हणजे "सुई टोचून घेतली, तरी गेले" हे ती अक्षरशः बोलत होती. तुला वाटलं, तुझ्यावर आहे. मला वाटलं, तिला फसवल्याची ती शिक्षा आहे. आपण दोघांनी तिला एका शब्दाने विचारलं नाही.

मी रडायला लागलो. तिने रडू दिलं. मग म्हणाली, "लस घेतली म्हणजे झालं, असं तुम्ही दोघं म्हणत होतात. मी शुक्रवारी दवाखाना म्हटलं होतं. तेवढं मी विसरणार नाही, भावोजी." मी म्हणालो, विसरू नकोस.

आता तू मला सांग. लस दोघांनी घेतली. रक्त एक. मग मी का बसलोय इथे?

थोरला मामा


५ मे

प्रिय मामा,

इस्पितळातल्या रक्ताचा निकाल आला. पत्र वाचताना खुर्चीत बस.

लस त्याच्या अंगात लागलीच नव्हती. दाखल झाला त्या दिवशीच्या रक्तात त्या फ्लूविरुद्ध अँटिबॉडी जेमतेम, न घेतलेल्या माणसाइतक्याच. आणखी एक दिसलं. एक जुना विषाणू असतो, कित्येकांच्या अंगात गुपचूप जन्मभर राहतो, त्रास देत नाही. लहान मुलांची लाळ, शेंबूड यांतून बहुधा येतो. धाकट्या मामाच्या लढणाऱ्या पेशींचा मोठा भाग त्यालाच आवरण्यात गुंतलेला होता. तुझ्या रक्तात त्या विषाणूचा मागमूस नाही. तू एकटा राहिलास, त्याने दोन मुलं वाढवली, नात खांद्यावर खेळवली. जन्माला येताना तुम्ही सारखेच होतात. पण पुढची चौसष्ट वर्षं, कुणाच्या घरी राहिलात, काय आजार काढलेत, कुणाचं नाक पुसलंत, हे सगळं रक्तात साठत जातं. त्या विषाणूमुळेच लस लागली नाही असं मी म्हणू शकत नाही. एका माणसावरून कुणीच म्हणू शकणार नाही. पण तुमच्या दोघांचं रक्त शेजारी ठेवलं तर ती दोन अनोळखी माणसं वाटतील, इतकं वेगळं आहे. मी तो तक्ता बघितला आणि मला भीती वाटली. आधीच्या तक्त्याचं आम्ही किती कौतुक केलं होतं.

शुक्रवारीच नेलं असतं तर? डॉक्टरांना मी विचारलं. ते म्हणाले, कदाचित. मी तुला खोटा धीर देणार नाही.

मामीने फोनवर मला विचारलं, "मग ती नातीला लागेल कशावरून?" मी म्हणाले, बहुतेकांना लागते, कुणाला लागणार नाही हे आधी ओळखता येत नाही, तेच तर आम्ही शोधतोय. आणि ज्याला लागत नाही, त्याच्यापर्यंत आजार पोचू नये म्हणून आजूबाजूच्या सगळ्यांनी घ्यायची. मग तिने विचारलं, मुलांचा दवाखाना किती वाजता उघडतो.

तुझी,
मुंगी


१४ मे

प्रिय मुंगी,

नातीला लस दिली. तुझी मामी आणि पुतणी मला घेऊन गेल्या होत्या. पोर रडलं नाही, मीच मान फिरवली.

तुझं पत्र दोन वेळा वाचलं. एकाच माणसाच्या दोन डोळ्यांचा नंबर सारखा नसतो, हे मी चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगतोय. आणि घरी मात्र दोन माणसांना एकच माप लावून बसलो होतो. मला थंडी वाजली की त्याच्या अंगावर पांघरूण टाकायचो. मला भूक लागली की दोन ताटं मागवायचो. त्याने कधी नको म्हटलं नाही.

आता रविवारी तुझ्या मामीकडे जाऊन बसतो. ती त्याच्याबद्दल सांगते, मी ऐकतो. बरंचसं मला नवीन असतं. गेल्या रविवारी बोलता बोलता ती म्हणाली, डावा कान गेल्यापासून ते नुसतीच मान डोलवायचे. मी विचारलं, कुणाचा कान? ती माझ्याकडे बघतच राहिली. "त्यांचा. दहा वर्षं झाली, भावोजी. डाव्या कानाने काही ऐकू येत नव्हतं. तुम्ही लगेच धरून डॉक्टरकडे न्याल, सुया टोचतील, म्हणून तुम्हाला सांगितलं नाही."

दुकानात माझी मशीन त्याच्या डाव्या हाताला आहे, मुंगी. दहा वर्षं मी त्याच कानाशी बोलत होतो.

तुझा,
थोरला मामा